पुस्तकाबद्दल आपण बोलतो तेव्हा कोण ऐकत असतं?

अत्याचार सोसणाऱ्या एखाद्या किशोरवयीन मुलीवरची कादंबरी वाचून झाली की लोक जे बोलतात ते बहुतेक वेळा ठरलेलं असतं. ‘सुन्न झाले.’ ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.’ ‘अर्ध्यावर मिटून ठेवलं, पुढे वाचवेना.’ थोडा वेळ गेला की दुसरा सूर लागतो. ‘पण तिनं आधीच कुणाला का नाही सांगितलं?’ ‘आई इतकी आंधळी कशी असेल?’ ‘लेखिकेनं जरा जास्तच ताणलंय.’ आणि बोलणं संपत आलं की कुणीतरी म्हणतंच, ‘असली पुस्तकं मुलांच्या हाती पडू नयेत.’

असं बोलणारी माणसं वाईट नसतात. मन घट्ट करून त्यांनी दोनतीनशे पानं त्या मुलीसोबत काढलेली असतात. पुष्कळजण तर अशा पुस्तकाच्या वाटेलाच जात नाहीत. तरीही या प्रतिक्रियांकडे नुसतं वाचकांचं मत म्हणून पाहणं मला पटत नाही. पुस्तकातल्या मुलीबद्दल आपण जे बोलतो, तेच उद्या आपल्यापुढे येऊन बसलेल्या खऱ्या मुलीला, किंवा मुलाला, ऐकवण्याची शक्यता फार मोठी असते. शिवाय त्या मुलीनं ते आधीच ऐकलेलं असतं आणि या माणसाला सांगायचं की नाही याचा निर्णय मनाशी घेऊन टाकलेला असतो.

हे काही मी शब्दांच्या भरात लिहीत नाही. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल युनिसेफनं ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिल्यांदाच जगभराचा अंदाज मांडला. आज हयात असलेल्या मुली आणि स्त्रियांपैकी ३७ कोटींहून अधिक जणींवर, म्हणजे दर आठांतल्या एकीवर, वयाच्या अठरा वर्षांच्या आत बलात्कार किंवा लैंगिक हल्ला झालेला आहे. मुलगे आणि पुरुष यांच्यात हे प्रमाण साधारण अकरांत एक. आणि असे प्रकार सर्वांत जास्त घडतात ते चौदा ते सतरा या वयात, म्हणजे या कादंबऱ्यांतल्या नायिका ज्या वयाच्या असतात नेमक्या त्याच वयात. दहाबारा माणसं जमून पुस्तकावर बोलतात तेव्हा त्यांत एखादी तरी अशी असणार की जिनं ते पान वाचलेलं नाही, जगलेलं आहे. ती बहुधा त्या दिवशी काही बोलत नाही. आणि घरात आई मैत्रिणीशी फोनवर पुस्तकाबद्दल बोलत असते तेव्हा शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली मुलगी कान देऊन ऐकत असू शकते.

सगळ्यांत निरुपद्रवी वाटणाऱ्या प्रतिक्रियेपासूनच सुरुवात करू. ‘मी कोसळलेच’ असं म्हणण्यात चूक काय? अमेरिकेतल्या संशोधक सारा उलमन यांनी अनेक वर्षं एकाच प्रश्नावर काम केलं : अत्याचार झालेल्या व्यक्तीनं कुणाला सांगितलं, तर समोरच्यानं काय केलं, आणि त्याचा पुढे परिणाम काय झाला? २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलीत विश्वास ठेवणं आणि प्रत्यक्ष मदत करणं हे प्रतिसाद आहेत, तसेच दोष देणं, वेगळ्या नजरेनं पाहायला लागणं, विषय बदलणं, परस्पर निर्णय घेऊन मोकळं होणं हेही आहेत. त्यात आणखी एक प्रकार आहे : ऐकणारा स्वतःच इतका कोसळतो किंवा संतापतो की सांगणारीला त्यालाच सावरत बसावं लागतं. हा प्रतिसाद उलमन यांनी मदतीच्या बाजूला धरलेला नाही. मुलांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. मुलं आईबापांना जपतात. एका पुस्तकानं आईची दोन दिवस झोप उडाली हे जिनं पाहिलं, ती खरी गोष्ट आईपुढे कशी ठेवणार? तिला वाटतं, आईला हे झेपणार नाही. आपलं काय व्हायचं ते होवो, घर तरी नीट राहील.

याचा अर्थ रडू नये असा नाही. डोळे भरून येणारच, न आले तर काळजी करावी. पण रडून झाल्यावर बोलणं पुन्हा त्या मुलीकडे वळतं का, की आपल्या रडण्यापाशीच थांबतं, हे पाहावं. मी पाहिलेल्या बऱ्याच चर्चा दुसऱ्या जातीच्या होत्या. ज्याला जास्त त्रास झाला तो जास्त संवेदनशील, असा काहीतरी हिशेब तिथे चाललेला असतो आणि मुलगी बाजूला राहते.

अशाच एका चर्चेतला एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. कादंबरीतली मुलगी पंधरा वर्षांची. घरात सावत्र बाप. ती वर्गातल्या मुलींचे पैसे चोरते, धडधडीत खोटं बोलते, आणि एक शिक्षिका तिला जवळ घेऊ पाहते तेव्हा तिच्या हाताला कडकडून चावते. एक बाई म्हणाल्या, ‘खरं सांगू का, मला ती मुलगी आवडलीच नाही. वाईट वाटलं तिच्याबद्दल, पण आवडली नाही.’ दोघीतिघींनी मान डोलावली. मग कुणी म्हणालं, शिक्षिका बिचारी किती करत होती. पुढचा बराच वेळ शिक्षिकेच्या चांगुलपणावर आणि मुलीच्या कृतघ्नपणावर बोलणं झालं. सावत्र बापाचं नावही निघालं नाही.

या बाई कठोर होत्या म्हणून असं झालं नाही. १९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी केलेला एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. उत्तर चुकलं की एका तरुणीला विजेचा झटका बसतो, असं दृश्य काही जणींना दाखवलं गेलं. (झटके खरे नव्हते, पण बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) तिला झटक्यांतून सोडवायचं का, असं ज्यांना विचारलं, त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांनी सोडवा म्हणून सांगितलं. ज्यांच्या हाती काहीच नव्हतं, ज्यांना नुसतं बघायचं होतं, त्यांनी त्या तरुणीबद्दलच वाईट मत करून घेतलं. जग न्यायानं चालतं हा विश्वास सोडणं जड जातं. त्यापेक्षा तिच्यातच काहीतरी खोट असावी असं मानणं सोपं पडतं. कादंबरीचा वाचक नेमका या दुसऱ्या गटातला असतो. पानावर जे चाललंय ते त्याला थांबवता येत नाही. मग ती उर्मट आहे, थोडी वाया गेलेलीच आहे, असे मुद्दे सुचायला लागतात, आणि त्यांना ‘व्यक्तिरेखा नीट उभी राहिली नाही’ असं समीक्षेचं नाव देता येतं.

चोरी, खोटं, चावणं हेच तर त्या मुलीचं बोलणं असतं. आपल्याला गरीब, गोड, डोळ्यांत पाणी असलेली मुलगी हवी असते. तिची कणव करणं सोपं जातं. खरी मुलं पुष्कळदा तशी नसतात. ती दार आपटतात, परीक्षेत नापास होतात, नको त्या मुलांसोबत फिरतात, अंगावर ब्लेडनं ओरखडे काढतात. कादंबरीतल्या मुलीला ज्यांनी ‘आगाऊ’ म्हटलं, त्यांच्यापुढे उद्या तसंच वागणारी भाची किंवा विद्यार्थिनी येईल, तेव्हा ते तिच्या वागण्यामागचं कारण शोधतील अशी आशा मला तरी वाटत नाही.

आता तो प्रश्न : ती ओरडली का नाही, पळाली का नाही, सांगितलं का नाही? वाचक हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात, म्हणून त्याचं उत्तरही नीट द्यायला हवं. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडित स्त्रियांसाठी एक तातडीचा दवाखाना आहे. तिथे आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अत्याचाराच्या वेळी शरीर आपसूक थिजलं, हालचालच करता येईना, असं त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं. या बहुतेक मोठ्या बायका होत्या. तेरा वर्षांच्या मुलीकडून आपण जास्त प्रतिकाराची अपेक्षा कोणत्या आधारावर करतो? अत्याचार करणारा घरातलाच असेल तर गुंता आणखी वाढतो. तोच फी भरतो, तोच ताप आला की औषध आणतो, आणि त्याच्याविरुद्ध बोललं तर डोक्यावरचं छप्पर जाईल हे मुलीला कुणी सांगावं लागत नाही. मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्येच हे टप्प्याटप्प्यानं मांडलं होतं : गुपित ठेवणं, असहाय होणं, अडकून जमवून घेणं, मग कधीतरी उशिरा, अडखळत, पटणार नाही अशा रीतीनं सांगणं, आणि सांगितल्यावर गदारोळ झाला की शब्द मागे घेणं. कादंबरीत मुलगी शब्द मागे घेते तेव्हा वाचक वैतागतो. ‘आता तरी खंबीर राहायचं होतं!’ ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बालअत्याचारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगानं २०१७ च्या अंतिम अहवालात नोंदवलंय की आयोगाशी बोललेल्या पीडितांना पहिल्यांदा कुणालातरी सांगायला सरासरी २३.९ वर्षं लागली होती. म्हणजे बाराव्या वर्षी झालेली गोष्ट छत्तिसाव्या वर्षी ओठांवर येते.

आणि खरं तर ती सांगत असते. अशी कादंबरी पुन्हा वाचून पाहावी. पहिल्या वाचनात आपण ज्या ओळींवरून सहज पुढे जातो, त्याच ओळी दुसऱ्या वेळी खुपतात. धाकट्या बहिणीला ती रोज रात्री भिंतीकडच्या बाजूला झोपवते आणि स्वतः दाराच्या बाजूला झोपते. आई बाहेर जायला निघाली की हिच्या पोटात दुखू लागतं. न्हाणीघराची कडी नादुरुस्त झाली तर ती इतका आकांत करते की सगळे चिडतात. ‘तिनं का नाही सांगितलं’ असं विचारणाऱ्या वाचकानं पहिल्या चाळीस पानांतच हे सगळं वाचलेलं असतं. आईला कळलं नाही म्हणून तो आईवर रागावतो, पण पुस्तकाचा विषय पाठीमागे छापलेला असूनही ते त्याच्याही लक्षात आलेलं नसतं.

‘अतिरंजित आहे’ या आक्षेपाबद्दल थोडक्यात सांगते. एकाच मुलीच्या वाट्याला घरात मार, बाहेर छळ, मग अत्याचार, हे सगळं कसं येईल, असं वाचकांना वाटतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिंकलहोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसतं ते असं, की एका प्रकारच्या हिंसेला बळी पडलेल्या मुलांच्या वाट्याला दुसऱ्या प्रकारची हिंसा येण्याची शक्यता वाढते. संकटं सारखी वाटली जात नाहीत. काही मुलांवर ती थरावर थर चढत जातात. लेखिकेनं एक दुःख दुसऱ्यावर रचलेलं दिसतं तेव्हा तिनं कल्पनेचे घोडे दामटलेत असं धरून चालू नये.

मुलांच्या हाती अशी पुस्तकं द्यावीत की नाही, हा मात्र थांबून विचार करण्याचा प्रश्न आहे. लॉरी हॉल्स अँडरसन यांची ‘स्पीक’ ही कादंबरी अमेरिकेत १९९९ साली आली. बलात्कारानंतर जवळजवळ मुकी झालेल्या शाळकरी मुलीची ती गोष्ट. शाळांमधून ती काढून टाकण्याची मागणी वारंवार झाली. २०१० मध्ये मिसुरीतल्या एका प्राध्यापकानं तर तिला सौम्य अश्लील साहित्य ठरवून वर्तमानपत्रात लेख लिहिला. दुसऱ्या बाजूला, लेखिकेकडे वाचकांची पत्रं येत राहिली. त्यांत ‘माझंही असंच झालं, आजवर कुणाला बोलले नव्हते’ असं सांगणारी कितीतरी होती. त्या पत्रांतल्या ओळी गुंफून अँडरसन यांनी पुढे एक कविताच रचली. पुस्तक लपवल्यानं या मुलींचं काय वाचणार होतं? त्यांच्या बाबतीत जे टाळायचं होतं ते घडून गेलेलं होतं. पुस्तकामुळे त्यांना इतकंच कळलं, की हे आपल्या एकटीच्या बाबतीत घडलेलं नाही.

त्याच कादंबरीवरची आणखी एक प्रतिक्रिया अँडरसन यांनी नोंदवली आहे. पुस्तक आवडलेले तरुण मुलगे त्यांना पुन्हा पुन्हा विचारत, की बलात्काराचा त्या मुलीला एवढा त्रास का झाला? पहिल्यांदा वाचताना माझ्या अंगावर शहारा आला होता. आता मात्र मला वाटतं, साऱ्या प्रतिक्रियांत सर्वांत कामाची हीच. त्या मुलांना खरोखर माहीत नव्हतं, आणि न लाजता त्यांनी ते विचारलं. अशा प्रश्नाला उत्तर देता येतं. पुस्तक वर्गातून काढून टाकलं असतं तर ते अज्ञान तसंच राहिलं असतं आणि त्या मुलांसोबत वाढत गेलं असतं.

मात्र पुस्तक हातात देऊन आपण मोकळं होऊ शकत नाही. आत काय आहे हे आधी स्पष्ट सांगावं, नको वाटलं तर ठेवून दे म्हणावं आणि त्यावर कारण विचारू नये. आजकाल ‘आत त्रासदायक मजकूर आहे’ अशा सूचनेची एक ओळ सुरुवातीला छापली की काम झालं असं समजतात. अशा सूचनांवरचे प्रयोग एकत्र करून केलेलं विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की सूचनेमुळे वाचण्याआधीची धास्ती वाढते, पण वाचतानाचा त्रास कमी होत नाही. म्हणून मला सूचनेपेक्षा नंतरची वेळ महत्त्वाची वाटते. वाचून झाल्यावर मुलीला बोलावंसं वाटलं तर समोर कोण आहे, आणि त्या माणसानं आधी या पुस्तकाबद्दल काय बोलून ठेवलंय?

ज्यांनी स्वतः हे भोगलंय त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं तर त्यांना कुणी ‘वास्तवाला सामोरं जा’ असा उपदेश करू नये. तसंच, या विषयावरचं प्रत्येक पुस्तक चांगलं असतं असंही मी म्हणत नाही. ब्रिटनमध्ये एक काळ असा होता की छळलेल्या बालपणांच्या आठवणींचं पीकच आलं होतं, आणि मोठ्या पुस्तकदुकानांत त्यांची वेगळी मांडणी असे. दुःखाची चटक लागते, हेही खरं आहे. लेखणी मुलीच्या जिवात राहते की अत्याचार करणाऱ्याच्या डोळ्यांनी तिच्या अंगावरून फिरते, हे ज्याला वाचता येतं त्याला एका पानात कळतं. अशा पुस्तकाला ‘वाईट’ म्हणायचं धाडस विषय गंभीर आहे म्हणून सोडू नये.

अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन यांनी ‘द ब्लुएस्ट आय’ ही आपली पहिली कादंबरी १९७० मध्ये प्रसिद्ध केली. बापाच्या अत्याचाराला बळी पडून उद्ध्वस्त होणारी पेकोला ही अकराबारा वर्षांची मुलगी तिच्या केंद्रस्थानी आहे. १९९३ मध्ये या कादंबरीला जोडलेल्या उपसंहारात मॉरिसन यांनी खंत व्यक्त केली की वाचकांची मनं द्रवली, पण पुष्कळसे जागचे हलले नाहीत. वाचकानं पेकोलाची कीव करण्यात सुख मानावं हे त्यांना नको होतं. तिच्या अशा चिंध्या होण्यात आपला हात किती, हे त्यानं स्वतःला विचारावं असं त्यांना वाटत होतं. त्या कादंबरीत एक जागा आहे. पेकोलाला दिवस गेल्याची बातमी गावात पसरते आणि शेजारपाजारच्या बायका कुजबुजतात, थोडा दोष तिचाही असणार, ती बापाशी झगडली का नाही? हे बोलणं दोन लहान बहिणी ऐकत असतात. ‘बिचारी पोर’ असं कुणीतरी म्हणेल म्हणून त्या कान टवकारून वाट पाहतात, आणि त्यांना दिसतात त्या नुसत्या नकारानं हलणाऱ्या माना. आपल्या वाचनचर्चेत ऐकू येतं ते सगळं मॉरिसन यांनी इतक्या वर्षांपूर्वी शेजारणींच्या तोंडी लिहून ठेवलेलं आहे.

अशी कादंबरी वाचताना आपण मुलीच्या जागी स्वतःला कल्पितो, आणि अत्याचार करणाऱ्याला शिव्या घालतो. प्रत्यक्षात आपण पुष्कळजण त्या दोघांपैकी कुणीच नसतो. आपण असतो पुस्तकातले बाकीचे लोक : भिंतीपलीकडे आवाज ऐकणारा शेजारी, वही अपुरी म्हणून ओरडणारा शिक्षक, सुटीत राहायला येऊन काहीतरी खटकलेली मावशी, दंडावरचा काळानिळा डाग पाहून ‘पडले’ हे उत्तर मान्य करणारा डॉक्टर. या माणसांना कादंबरीत दोनचार पानं मिळतात, आणि चर्चेत त्यांचं नावही येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशा पुस्तकावर बोलायला बसलात तर सुरुवात त्या डॉक्टरपासून करून पाहा. ते पान उघडा. मुलगी तपासणीच्या टेबलावर बसलेली आहे, आई शेजारी उभी आहे आणि मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तीच देते आहे. आईला बाहेर बसायला सांगता आलं असतं का? काय कारण देऊन? मग मुलीला पहिलं वाक्य कोणतं बोलायचं? ती ‘काही नाही’ म्हणाली तर दुसरं कोणतं? आणि तिनं खरंच सांगून टाकलं तर त्या संध्याकाळी ती परत कुठल्या घरी जाणार? अत्याचार करणाऱ्याला काय शिक्षा व्हावी यावर वाचकांची मतं तयार असतात. या प्रश्नांवर ती तयार नसतात, म्हणून चर्चेचा जास्तीत जास्त वेळ यांनाच द्यायला हवा.